माहितीपट अडतो कुठे? करणाऱ्यांसाठी आणि निधी देणाऱ्यांसाठी

माहितीपट चित्रीकरणात क्वचितच अडतो. तो अडतो संकलनाच्या टेबलावर, आणि नेमके तेव्हाच पैसे संपलेले असतात. या क्षेत्रात दिग्दर्शक म्हणून यायचे असो किंवा निधी देणारा म्हणून, अंदाजपत्रक आधी शेवटाकडून वाचायला शिका.

हिशेब साधा आहे. ६० मिनिटांच्या फिल्मसाठी ६० तासांचे फुटेज जमणे नेहमीचेच. रोज ६ तास नुसते पाहायचे म्हटले तरी १० दिवस जातात. टाइमकोडसह (फुटेजमधल्या प्रत्येक क्षणाची वेळ) नोंदी आणि मुलाखती उतरवून काढणे धरले, तर सहज महिना. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली ढोबळ जोडणी, त्यानंतर सुरू होतो. साठवणुकीचेही तसेच: कॅमेऱ्याच्या १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने तासाला ४५ जीबी, म्हणजे एकूण २.७ टीबी, तीन प्रती ठेवायच्या तर ८ टीबीहून जास्त जागा लागते. त्यातली एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवी. कार्ड पुसण्याआधी कॉपी चेकसमने (मूळ आणि प्रत तंतोतंत एकच आहे का, हे दाखवणाऱ्या आकड्याने) पडताळा. फाइल उघडली म्हणजे ती शेवटपर्यंत धड आली असे नव्हे.

चित्र थोडे हलले तर प्रेक्षक चालवून घेतात, आवाज फाटला तर नाही. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा आणि बोलण्याचा आवाज मीटरवर जास्तीत जास्त उणे १२ डेसिबलच्या आसपास जाऊ द्या. मुलाखत संपवून उठण्याआधी त्याच खोलीतली शांतता किमान ३० सेकंद मुद्रित करा. ती नसेल तर वाक्ये कापल्यावर मधल्या जागा पोकळ ऐकू येतात, आणि ते मिक्सिंगमध्ये धड सुधारत नाही.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. तरी संमतीपत्र त्याच दिवशी घ्या. वर्षभराने माणूस सापडत नाही किंवा त्याचे मन बदललेले असते. मागे रेडिओवर गाणे वाजत असेल तर बंद करायची विनंती करा. ते फिल्ममध्ये राहिले तर रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे दोन वेगळे हक्क सोडवावे लागतात. जुने फुटेज फक्त महोत्सवांपुरते घेतले तर स्वस्त पडते, पण प्रसारणाच्या वेळी पुन्हा वाटाघाटी कराव्या लागतात, आणि तोवर पिक्चर लॉक (चित्रांची जोडणी कायम) झाल्याने तुमची बाजू लंगडी असते. पुढच्या हक्कांचा दर पहिल्याच करारात लिहून घ्या.

लांबीही आधी ठरवा. ऑस्करच्या नियमांत ४० मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट ठरते. ४५ मिनिटांची फिल्म तिथे लघुपटात बसत नाही आणि पूर्ण लांबीच्या फिल्मांपुढे तोकडी दिसते.

अनुदानाच्या अर्जात चकचकीत ट्रेलरपेक्षा ३ ते ५ मिनिटांचे सलग प्रसंग जोडा. पात्रांपर्यंत तुमची पोहोच किती आहे, हे त्यातच कळते. स्वतःचे मानधन शून्य लिहू नका. तो त्याग वाटतो तुम्हाला. परीक्षकांना दिसते ते कच्चे अंदाजपत्रक.

फिल्म करून मग निधी देणाऱ्या बाजूला गेलेल्या माणसाला या खाचाखोचा ठाऊक असतात, आणि तोच त्याचा खरा उपयोग. संशोधनासाठी दिलेली छोटी रक्कम फार पुढे नेते, कारण तेव्हा कोणीच द्यायला तयार नसते. पण संपादकीय अधिकार मागू नका, तशी हमी करारात लेखी द्या. ओळखीच्याचा अर्ज आला तर निवडीच्या बैठकीतून उठा.

हप्त्यांची रचनाही तपासा. शेवटचा हप्ता फिल्म हाती आल्यावरच, ही अट देणाऱ्याला सुरक्षित वाटते. पण ध्वनिमिश्रण, रंगसंस्कार आणि उपशीर्षके त्याच पैशांतून व्हायची असतात. तो हप्ता पिक्चर लॉकला द्या, हाती आल्यावर देण्यासाठी थोडीच रक्कम राखा.