गळ्यात ट्यूब असलेल्या पेशंटचं घरी सक्शन कसं करायचं

बेळगावात केएलई नाहीतर बिम्स हॉस्पिटलमधनं ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला भोक पाडून बसवलेली, ट्यूब घेऊनच पेशंट घरी येतोय, आणि मग खानापूर असू दे नाहीतर निपाणी, सक्शन, म्हणजे मशीननं ट्यूबमधला कफ ओढून काढणं, घरच्यांनाच करावं लागतंय. डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं करून दाखवा, कन्नडमधलं काही कळलं नाही तर परत विचारा, लाजू नका.

घड्याळ बघून दर दोन तासाला सक्शन करायचं नाही. घरघर ऐकू आली, ट्यूबच्या तोंडाशी कफ दिसला, श्वास लागला, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरलं, तरच. आधी खोकायला सांगा, पुष्कळदा कफ तेवढ्यानंच वर येतोय. नळी उगीच आतबाहेर केली की आतलं नाजूक अस्तर सोलवटतंय.

कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी, ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको, 8 मिलिमीटरच्या ट्यूबला 12 नंबरचं (म्हणजे 4 मिलिमीटर जाड), त्याचं मशीनला जोडायचं टोक पांढरं असतंय. मोठ्या माणसाला मशीनचा काटा 80 ते 120 mmHg मध्ये ठेवा, कफ घट्ट आहे म्हणून प्रेशर वाढवत बसू नका आणि मनानं सलाईनही आत सोडू नका, ह्युमिडिफायरचं (श्वासाची हवा ओलसर करणारं यंत्र) डॉक्टरांना विचारा.

हात साबणानं धुवा, उशाशी उंच करा, ऑक्सिजन असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय तसा अर्धा-एक मिनिट आधी वाढवा, ग्लोव्हज घाला. आता कॅथेटरच्या मशीनकडच्या टोकाजवळ असलेल्या भोकावर अंगठा न ठेवता ते अलगद आत घाला, सिस्टरनं दिलेल्या मापापर्यंतच, अडेपर्यंत ढकलायचं नाही. मग अंगठा दाबून बाहेर ओढत या. हे सगळं 10 सेकंदात, 15 च्या वर कधीच नाही, कारण कफाबरोबर तुम्ही त्याची हवापण ओढूनच घेत असताय! शेजारच्याला मोठ्यानं आकडे म्हणायला लावा. परत करायचं तर आधी श्वास आणि सॅच्युरेशन जाग्यावर येऊ दे. तोंडात घातलेलं कॅथेटर परत गळ्यात नाही म्हणजे नाही.

नाडी एकदम मंद झाली की थांबा. रक्त दिसलं, कफ हिरवा किंवा वास मारणारा झाला तर डॉक्टरांना फोन करा. कॅथेटर आत जातच नसेल तर ट्यूबच्या आत बसणारी वेगळी नळी काढून बघा, तरी श्वास मिळेना तर लगेच 108.

उशाशी अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि दोन जादा ट्यूब, एक त्याच मापाची, एक लहान. पावसाळ्यात खानापूरकडं लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवरचं नाहीतर पायानं चालवायचं सक्शन मशीन आत्ताच बघून ठेवा.