मेम्ब्रेनवर चालणारी प्रादेशिक पाणी योजना: आखणीतच या चुका टाळा

सर्वात महाग पडते ती फ्लक्सची चूक. मेम्ब्रेन म्हणजे पाणी गाळणारा पातळ पडदा आणि फ्लक्स म्हणजे एक चौरस मीटर मेम्ब्रेनमधून तासाला निघणारं पाणी. समजा, अल्ट्राफिल्ट्रेशनच्या (अतिसूक्ष्म छिद्रांतून गाळण्याच्या) कॅटलॉगमध्ये तो ६० लिटर दिलाय. ताशी मागणीला ६० ने भागलं, क्षेत्रफळ आलं, निविदा निघाली. आणि योजना इथेच फसली.

बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून मेम्ब्रेन धुणं) नि तपासण्यांत रोजचे दीड तास जातात, गाळलेलं ५ टक्के पाणी बॅकवॉशच पितो, असं धरा. हाती राहिले ५३. मुळात ते ६० साधारण २० अंश सेल्सिअसच्या पाण्याचे. पाणी ५ अंशांवर आलं की त्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) दीडपट होते आणि तेवढ्याच दाबाला ३५ मिळतात. त्यातच चारपैकी एक ट्रेन (मेम्ब्रेनचा स्वतंत्र संच) रासायनिक धुलाईला गेली, तर एकूण क्षेत्रफळाच्या हिशेबाने उरले २६. पाणी इतकं गार होत नसेल तर फटका कमी बसेल, हिशेबाचा क्रम मात्र हाच. गारठ्यात मागणीही बहुधा उतरते, म्हणून उन्हाळ्याची कमाल मागणी आणि हिवाळ्याचं गार पाणी हे दोन्ही हिशेब वेगवेगळे करा. ज्यात क्षेत्रफळ जास्त लागेल, तो धरा.

दुसरी चूक पायलट चाचणीची, म्हणजे आधी छोट्या प्रमाणावर करून पाहण्याची. कोरड्या महिन्यांत, नितळ पाण्यावर घेतलेली चाचणी छानच दिसणार! चाचणीत पूर, शेवाळ आणि गारठा आलाच पाहिजे. गावागावांचे वेगवेगळे स्रोत जोडणार असाल, तर मिश्रणावरही घ्या.

अल्ट्राफिल्ट्रेशनची छिद्रं ०.०१ ते ०.०२ मायक्रॉनच्या आसपास. त्यात ४ ते ६ मायक्रॉनचा क्रिप्टोस्पोरिडियम हा रोगजंतू अडकतो, पण नायट्रेट, फ्लोराइड आणि विरघळलेले क्षार बिनदिक्कत पार होतात. त्यांच्यासाठी याहून बारीक गाळणारं नॅनोफिल्ट्रेशन किंवा आरओ लागतं. तिथे पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेनपर्यंत क्लोरिन पोचू देऊ नका, ती कायमची खराब होते. आणि नाकारलेलं खारं पाणी कुठे सोडणार, हे जागा घेण्याआधी ठरवा.

इमारत एकाच कंपनीच्या मॉड्यूलच्या (मेम्ब्रेनच्या बदलता येणाऱ्या सुट्या भागाच्या) मापाने बांधणं हा तर हात बांधून घेण्याचा प्रकार. सात-दहा वर्षांनी मॉड्यूल बदलताना भाव तीच कंपनी ठरवणार.

केंद्र सुरू झाल्यावर दाबफरक (मेम्ब्रेनच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक) झपाट्याने चढू लागला, तर लगेच मेम्ब्रेनला दोष देऊ नका. आधी स्ट्रेनर (मेम्ब्रेनच्या आधीची जाळी) पाहा. मग गाळ बसवण्याच्या टाकीत कोणी धनप्रभारी पॉलिमर (गाळ गोळा करणारं रसायन) वाढवलाय का ते विचारा. तो मेम्ब्रेनला चिकटून बसतो. सायट्रिक आम्लाने दाब उतरला, तर थर बहुधा लोहाचा किंवा क्षारांचा. सोडियम हायपोक्लोराइटने उतरला, तर सेंद्रिय किंवा जैविक. आणि दाबफरक अचानक पडला, तर खूश होण्याआधी हवेच्या दाबाची चाचणी घ्या, मेम्ब्रेनचा पोकळ तंतू तुटलेला असू शकतो.