गॅस भरायच्या आधी आउटडोअरच्या पाठीवर हात फिरवा

"दादा, एसीतला गॅस संपलाय, तेवढा भरून द्या." एप्रिल लागला की जळगावात मला रोज हाच फोन येतो. १९ वर्षं एसीचं काम करतोय, आणि दर वेळी आधी तेच समजावतो. गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस इनडोअर (खोलीतलं युनिट) ते आउटडोअर (बाहेरचं युनिट) फिरत राहतो. १० वर्षं एसी चालला तरी तो कमी व्हायचं कारण नाही. कमी झालाच, तर कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

गेल्या उन्हाळ्यात जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, बाजूला राहणाऱ्या एका मावशींनी बोलावलं. दोन वर्षं लागोपाठ गॅस भरून घेतलेला, तरी दुपारी दोननंतर खोली गार होत नव्हती. "रात्री मात्र बरा चालतो," म्हणाल्या. तिथेच मला कळलं. गॅस कमी असता तर बहुधा रात्रीही रडला असता. दुपारीच दमतो तो एसी बहुतेक वेळा बाहेर उष्णता फेकू शकत नसतो.

गच्चीवर गेलो, एसीचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडला आणि आउटडोअरच्या मागच्या बाजूला हात लावला. जाळी हाताला लागेना, मऊ लागत होतं. दिवाळीपासून जिनिंग चालतं, त्याची रुई हवेत उडते, आणि आउटडोअरचा पंखा मागून हवा ओढतो. रुई फिन्सवर, म्हणजे कॉइलच्या नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांवर, बसलेली, वर धूळ, वर पुन्हा रुई. एका कोपऱ्यातून नखाने सोडवलं तर अख्खा थर टॉवेलसारखा उलगडत हातात आला. मावशी बघतच राहिल्या. कॉइल धुऊन एसी लावला. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला फरक ५ अंशांवरून ८ वर गेला. मग दोनदा भरलेला जादा गॅस काढला, वजन करून नेमका भरला, तेव्हा ११ अंश मिळाले. जादा गॅसनेही थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

हा फरक तुम्हीही मोजू शकता. तापमान सगळ्यात कमी आणि पंखा जोरात ठेवून एसी १५ मिनिटं चालवा. साधा थर्मामीटर आधी इनडोअरच्या वर, जिथून हवा आत जाते तिथे धरा, मग खाली जिथून गार हवा येते तिथे. ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन ठीक आहे. मग खोली का गार होत नाही ते खिडक्या, पश्चिमेचं ऊन आणि वरचा तापलेला स्लॅब यांत शोधा.

फरक कमी आला तर आधी फिल्टर. आमच्या धुळीत उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी काढा, साध्या पाण्याखाली मागच्या बाजूने धार सोडा, सावलीत पूर्ण वाळवून बसवा. गरम पाणी नको, जाळी वाकडी होते. मग आउटडोअर. तो गच्चीवर किंवा गॅलरीत हाताशी असेल तरच घरी धुवा. खिडकीबाहेर लोंबकळून कोणीही हे करू नका, त्याला मेकॅनिकच हवा. एमसीबी पाडा, मऊ ब्रशने फिन्सच्या उभ्या रेषेतच धूळ काढा, बागेच्या पाइपची हलकी धार मारा. गाडी धुवायचा प्रेशर पंप लावला की फिन्स आडव्या पडतात आणि हवेची वाट बंद होते. वायरी जिथे जातात त्या बाजूच्या झाकणावर पाणी नको.

इनडोअरमधून पाणी ठिबकत असेल तर बहुधा ड्रेन पाइपमध्ये शेवाळासारखा चिकट गाळ अडकलेला असतो. पाइपचं बाहेरचं टोक बादलीत बुडलेलं नाही ना, तेही बघा. कॉइलवर बर्फ धरला तर चाकूने खरवडू नका. कूलिंग बंद करून नुसता फॅन तासभर चालवा. फिल्टर, इनडोअरची कॉइल स्वच्छ आणि पंखा नीट असूनही बर्फ पुन्हा धरला, तर मात्र गॅसची शंका खरी.

आउटडोअर नुसता घुमतोय, पंखा फिरत नाही, असं दिसलं तर लगेच बंद करा. जुन्या, बिगर-इन्व्हर्टर मशीनमध्ये बऱ्याचदा कपॅसिटर (पंखा सुरू करून देणारा भाग) गेलेला असतो. तो स्वतः बदलू नका. लाइट बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते. प्लग गरम लागत असेल किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल तर त्याच दिवशी वायरमन बोलवा. एसी एक्स्टेंशन बोर्डवर कधीच नको.

आता खरंच गॅस कमी निघाला, तर मेकॅनिककडून तीन गोष्टी करून घ्या. नळ्यांच्या फ्लेअर नटवर (नळी मशीनला जोडणारा नट) तेलकट डाग आहे का ते बघायला सांगा, कारण गॅसबरोबर तेलही झिरपतं. तिथे साबणाचा फेस लावला की बारीक बुडबुडे एकेक करत फुगतात, तुम्हालाही दिसतील. दुसरं, गळती बंद केल्यावर पंपाने व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा आणि ओल ओढून काढणं. तिसरं, मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस, काट्यावर सिलिंडर ठेवून. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-३२ असतो, तो पेट घेऊ शकतो. नळीत गॅस असताना नळी जोडायची ज्योतीची टॉर्च पेटवणाऱ्याला थांबवा.

एसी २४ अंशांवर ठेवा आणि सोबत छताचा पंखा हळू लावा. तापमान एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि मशीनलाही विसावा मिळतो.

जिनिंगच्या आसपास राहत असाल तर दिवाळीनंतर एसी बंद करताना आउटडोअरवर जुनी सुती चादर बांधा. प्लास्टिक नको, आत ओल धरते. मार्चमध्ये सुरू करताना एमसीबी चढवायच्या आधी ती काढा, आणि पाठीवर एकदा हात फिरवा.