जुन्या मोंढ्यात गिऱ्हाईक परत आणायचंय? मग या चुका टाळा

मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत मोंढे, म्हणजे शेतमालाचे बाजार, दोन असतात. नवा मोंढा गावाबाहेर, बाजार समितीच्या आवारात. जुना गावाच्या मधोमध, नावापुरता उरलेला. पूर्वी शेतकरी अडतीवर, म्हणजे दलालाच्या दुकानी, माल घालायचा आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसा, हातात पडली की त्याच गल्लीत कापड, भांडी, किराणा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं निघायचा. अडत बाहेर गेली, पट्टीचा पैसाही बाहेरच्या बाहेर वळला. राहिलो आम्ही, ज्यांना दुकान उचलून नेता येत नाही ते.

गेली काही वर्षं दुकानदार, घरमालक आणि हातगाडीवाले मिळून आम्ही बाजार सावरायचा खटाटोप करतोय. त्यात जिथं जिथं ठेचकाळलो ते लिहितो.

आधी कमान, मग विचार

पहिल्या बैठकीत पहिली मागणी आली कमानीची, दुसरी पेव्हर ब्लॉकची. गिऱ्हाईक का तुटलं हे कुणी विचारलंच नाही, कारण उत्तर प्रत्येकाच्या खिशात तयार होतं: ‘ऑनलाइन’. शेवटी आमच्यातल्या दोघी जणी आठवडी बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर गेल्या आणि खेड्यांतून आलेल्या बायकांशीच बोलल्या. ‘बाथरूमची सोय नाही, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. तासाभरात उरकून निघतो.’

नगरपालिकेचं स्वच्छतागृह गल्लीच्या तोंडाशीच होतं, कुलूप लावलेलं. किल्ली शोधण्यात आठ दिवस गेले, पाण्याची टाकी जोडायला दोन. साफसफाईचे पैसे आता वर्गणीतून जातात. कमान झालेली नाही आणि तिची आठवणही कुणी काढत नाही.

‘पार्किंग नाही, गिऱ्हाईक येणार कुठून?’

हे आम्ही इतकी वर्षं बोलत होतो की आम्हालाच ते पटलं होतं. मग कॉलेजच्या दोन पोरांच्या हातात वह्या दिल्या. सकाळी 11, दुपारी 1, 4 आणि संध्याकाळी 7, अशा चार फेऱ्या. दुकानांसमोर लागलेल्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे लिहायचे, बस्स. रात्री वह्या ताडून पाहिल्या तर चारही फेऱ्यांत तेच ते आकडे. गिऱ्हाइकाची गाडी फार तर एका फेरीत सापडते. चारही फेऱ्यांत सापडल्या त्या आमच्या आणि आमच्या नोकरांच्या. माझी स्वतःची स्कूटर माझ्याच शटरसमोर, वहीत चार वेळा. मान खाली घालण्यापलीकडं काही उरलं नाही.

आता दुकानदारांच्या गाड्या मागच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात लागतात. सगळ्यांच्या नाही, दोघं-तिघं अजून ऐकत नाहीत. पण पार्किंगसाठी जागा मागायला जाण्याआधी ही वही भराच. खर्च पोरांच्या चहा-पोह्यांचा.

हातगाड्या हटवा म्हणणं

व्यापाऱ्यांच्या निवेदनात हे वाक्य ठरलेलं. 2014 चा पथविक्रेता अधिनियम मात्र सांगतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बायका. विक्रेत्यांना बाहेर बसवून केलेला आराखडा कागदावरही टिकत नाही. धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तरी तेच. आमच्याकडं एकदा मोहीम निघाली, गाड्या उठल्या; चौथ्या दिवशी कोपऱ्यावरचा कापडवालाच म्हणाला, ‘संध्याकाळी गल्ली खायला उठते राव.’

पट्टा मारून गाड्यांच्या जागा ठरवाव्यात. पण त्याआधी आपल्या ओट्याबाहेर आलेले पुतळे, पोती आणि फ्लेक्स आत घ्या, नाहीतर पट्ट्याला कुणी विचारत नाही.

बंद शटरं

घरमालक गाळा रिकामा ठेवेल पण भाड्यानं देणार नाही, कारण भाडेकरू एकदा बसला की उठत नाही ही भीती. हैदराबाद राज्याच्या 1954 च्या भाडे कायद्याच्या काळात दिलेले गाळे इथं अजून त्याच घराण्यांकडं आहेत, तेव्हा भीती खोटी नाही. सध्याच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. तो करा, तोंडी शब्दावर किल्ली देऊ नका, घेऊही नका.

जुन्या भाडेकरूचं दुखणं वेगळं. छत गळतं आणि मालक बघत नाही. 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूनं दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून कापावा अशी तरतूद आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. महिन्याला 200 रुपये भाडं असेल तर वर्षाला 600. त्यात पत्रे सोडा, पत्रे बसवणाऱ्याची मजुरीही निघत नाही. इथं कायद्यापेक्षा मालकाशी निम्म्या-निम्म्याचा लेखी समझोता कामाला येतो.

आणि रिकाम्या गाळ्यात दहावं मोबाइल कव्हरचं दुकान नको. लातूरची गंज गोलाई बघा. 1917 ची गोल दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ, तिथं येऊन मिळणारे 16 रस्ते. सोनं कुठल्या रस्त्याला, चपला कुठल्या, मिरची-गूळ कुठल्या हे लातूरकराला विचारावं लागत नाही. आम्ही अस्तर, लेस, बटणं, शिलाई मशीनची दुरुस्ती असं लग्नसराईचं सगळं एका रांगेत आणायचं ठरवलंय. चार गाळे भरलेत.

रस्ता झाला, दुकान खड्ड्यात

याचा राग मला अजून आहे. आजोबांच्या काळी आमच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या, आज अर्धी आहे. दर वेळी जुना रस्ता न खोदता वर नवा थर. मागच्या वेळी नालीच उंबऱ्याच्या वर आली आणि मृगाच्या पहिल्याच पावसात तांदळाची खालची सगळी पोती भिजली. ठेकेदाराला शिव्या देऊन झाल्या, पण भूमिपूजनाला नारळ फोडायला आम्ही सगळे हजर होतो आणि एस्टिमेट एकानंही मागितलं नव्हतं.

मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एस्टिमेटमध्ये दोनच गोष्टी शोधा: जुना थर काढायचं काम धरलंय का, आणि तयार रस्त्याची उंची किती. मग काम सुरू व्हायच्या आधी, इंजिनिअरच्या समोर, प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर ऑइल पेंटनं तेवढ्या उंचीची रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा.

एक चूक राहिली. बाजार महोत्सव आम्ही मे महिन्यात घेतला होता, दुपारी 12 वाजता. मांडववाला सोडून कुणी फिरकलं नाही. यंदा दसऱ्यानंतर, सोयाबीनच्या पट्ट्या सुटायला लागल्या की घेतोय. नव्या मोंढ्यापासून जुन्या मोंढ्यापर्यंत दिवसभर दोन ऑटो फिरवायचे ठरलेत. भाडं कुणी द्यायचं यावर मंगळवारी बैठक आहे.