सिरिलिक अक्षरावरची खूण: डीटीपीवाल्यांनो, या चुका टाळा

सोलापुरात नवी पेठेत डीटीपीचं काम करताना मराठी, कन्नड, तेलुगू रोज हाताखालून जातात. आता त्यात रशियन आणि तिची सिरिलिक लिपीही आली आहे. तिकडे एमबीबीएस करून आलेली मुलं मार्कशीट घेऊन येतात आणि मूळ मजकुराशेजारी भाषांतर जुळवून मागतात. अशाच एका कामात ‘मेदित्सिन्स्की’ हा शब्द मी फाइंड-रिप्लेसला दिला. डोळ्यांना अकरा ठिकाणी दिसत होता, कॉम्प्युटरला सातच ठिकाणी सापडला. उरलेले चार तसेच प्रिंट झाले आणि त्या मुलाला पुन्हा हेलपाटा पडला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

घोळ शेवटच्या अक्षरात होता. रशियनमध्ये त्याला ‘इ क्रात्कोये’, म्हणजे आखूड इ म्हणतात: साधा इ आणि डोक्यावर वाटीसारखी खूण. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ते एकसंध असतं, क्रमांक ०४३९. किंवा साधा इ ०४३८ आणि त्यामागून सुटी खूण ०३०६, असं दोन तुकड्यांत. दिसायला दोन्ही सारखीच. रशियन पुल्लिंगी विशेषणं बहुतेक याच अक्षराने संपतात, त्यामुळे कॉलेजच्या नावातच ते दोन-तीनदा येतं. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फाइलची नावं सुट्या रूपातच साठतात. तिथून आलेल्या नावांकडे आधी बघा.

ओळखायचं कसं? अक्षरामागे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. नुसती खूण उडाली आणि इ उरला, तर ते सुटं रूप आहे. वर्डमध्ये ऑल्ट-एक्स दाबलं की क्रमांकच दिसतो. मजकूर घेतल्या घेतल्या एनएफसी नॉर्मलायझेशन करून घ्या, म्हणजे सुटे तुकडे जोडून एकसंध अक्षरं होतात, मगच शोधाशोध. त्यानंतरही आघाताची खूण ०३०१ सुटी राहिली तर घाबरू नका. सिरिलिक स्वरांसाठी तिचं एकसंध रूपच नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘कटकट नको’ म्हणून सगळ्या खुणा पुसणारी स्क्रिप्ट चालवणं. रशियनमध्ये ‘मोय’ म्हणजे माझा. खूण गेली की उरतं ‘मोई’, म्हणजे माझे, अनेकवचन. आपल्याकडचा ऱ हासुद्धा र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असा सुटा होतो. तो नुक्ता पुसा, आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांना जाईल!

‘यो’ हे अक्षर वेगळं. त्यावरचे दोन ठिपके रशियन लोक स्वतःच अनेकदा देत नाहीत. ते एनएफसीने परत येणार नाहीत. नावाचं स्पेलिंग मूळ कागदावर आहे तसंच ठेवा.

आता चर्च स्लाव्होनिक, म्हणजे रशियन चर्चमधली जुनी धार्मिक भाषा. असं काम आपल्याकडे क्वचित येतं, पण मला यातलं हेच सर्वांत आवडतं. तिथे शब्द आखडून मधलं अक्षर बारीक करून दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर लिहितात. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये अशा डोक्यावर बसणाऱ्या ३२ अक्षरांचा वेगळा गट आला. त्याऐवजी साधं अक्षर सुपरस्क्रिप्ट केलं तर ते डोक्यावर न बसता शेजारी लटकतं, आणि फॉरमॅटिंग गेलं की खाली ओळीत येतं.

मराठी हाताला इथे खरी अडचण येते ती रफाराची. ‘सूर्य’ लिहिताना र आधी, य नंतर. वर दिसणारं आपण आधी टाइप करतो. सिरिलिकमध्ये उलट: आधी खालचं अक्षर, मग वरचं. ‘गोस्पोद’, म्हणजे प्रभू, याच्या संक्षेपात ग, द, मग वरचा स, त्यावरची कमान ०४८७ आणि शेवटी मृदुचिन्ह, म्हणजे आधीचं व्यंजन मऊ करणारं अक्षर. सवयीने स आधी टाकलात तर तो द ऐवजी ग वर जाऊन बसेल.

क्रम बरोबर असूनही चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर मजकुराला हात लावू नका, फॉन्ट बदला. पोनोमार युनिकोड या फॉन्टमध्ये ही अक्षरं नीट बसतात. पीडीएफ करताना तो एम्बेड झाला का, तेवढं गिऱ्हाईक समोर असतानाच बघून घ्या.