एक चूल, एक कार्ड

मदतकार्यासाठी दक्षिण सुदानला निघालो तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "तिकडं खातात काय?" म्हटलं, ज्वारी. तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. तिला भाकरी दिसली असणार. तिथे ज्वारीचं पीठ आंबवून पातळ धिरड्यासारखी कीसरा करतात, आणि युद्धाच्या काळात विमानातून मदत म्हणून पडते तीही बहुतेक ज्वारीच.

मदतकार्यात करिअर करू इच्छिणारी मुलंमुली विचारतात, काय शिकून येऊ? आंतरराष्ट्रीय संबंध, मानवी हक्क, सगळं ठीक आहे. पण मी सांगतो, आपल्या गावातल्या रेशन दुकानात चार दिवस बसा. यादीत कोण असतं, कोण नसतं आणि भांडण कशावरून होतं ते बघा.

थोडी पार्श्वभूमी. हा देश ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनीच उपराष्ट्राध्यक्षपदावरून काढलेले रिएक माचार यांच्या फौजा राजधानी जुबात भिडल्या. दोघांमधला २०१५ चा शांतता करार जुलै २०१६ मध्ये मोडला. मग २० फेब्रुवारी २०१७ ला युनिटी राज्यातल्या लीर आणि मायेंदित भागांत दुष्काळ जाहीर झाला. सुमारे एक लाख माणसं त्यात सापडली होती.

आपल्याला दुष्काळ म्हटलं की न आलेला पाऊस आठवतो. इथे तर नाईलच्या दलदलीत पाणीच पाणी होतं. गुरं लुटली गेली, पिकं जळाली, आणि माणसं त्या दलदलीतल्या बेटांवर लपून पाणकमळाचे कंद खात होती. हा शब्द जाहीर करायलाही मोजमाप लागतं. पाचातल्या एका घराकडे अन्न जवळजवळ नाही, शंभरात तीस मुलं तीव्र कुपोषित, आणि दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. हे आकडे पाठ करून या. मुलाखतीत विचारतील म्हणून नाही, तर 'आकडा अजून तिथवर गेला नाही' हे वाक्य तुम्हाला एखाद्या बैठकीत शांतपणे ऐकावं लागेल म्हणून.

माझं काम वाटपाचं. तिथली माती आपल्या रेगडासारखी काळी, चिकट. मे ते ऑक्टोबर ट्रक रुततात, आणि कोरड्या दिवसांत रस्त्यावर बंदुका असतात. म्हणून विमान. एकात एक घातलेल्या गोण्या, एका खेपेला सुमारे तीस टन, मोकळ्या माळावर. ट्रकपेक्षा कितीतरी पट महाग. विमान येण्याआधी माळावरून माणसं आणि गुरं हटवायची असतात. दोन्ही बाजूंच्या सेनाधिकाऱ्यांची परवानगी आदल्या दिवसापर्यंत हातात नसते. फोटो सगळे या विमानाचेच काढतात.

खरी कसोटी यादीची. पहिल्या खेपेला आम्ही एका कर्त्या पुरुषामागे एक कार्ड केलं. दुसऱ्या दिवशी बायकांची एक रांग नुसतीच बसून राहिली, कार्ड नसलेली. नुएर समाजात एका माणसाच्या दोन-तीन बायका असू शकतात, आणि प्रत्येकीची झोपडी वेगळी, स्वयंपाक वेगळा. आमच्या यादीत पहिलीचीच पोरं जेवणार होती. स्थानिक सहकारी आदल्या रात्री हेच सांगत होता, पण मी तक्त्यात गुंतलो होतो. तो म्हणाला, माणसं मोजू नका, विस्तव मोजा. मला लाज वाटली ती याची, की हे मला माहीत होतं. आपल्याकडेही भाऊ वेगळे झाले की चूल वेगळी, आणि चूल वेगळी झाली की रेशन कार्ड वेगळं. त्या रात्री नव्यानं यादी केली, चुलीगणिक.

म्हणून स्थानिक सहकाऱ्याचं आधी ऐका. तो पोरगेला असेल, इंग्रजी मोडकं असेल, पगार तुमच्यापेक्षा फारच कमी असेल. (या पगारातल्या दरीबद्दल आमच्या क्षेत्रात फार हळू आवाजात बोलतात.) मदत करताना मारले जाणारे बहुतेक तेच असतात, तुम्ही-आम्ही नाही. आपल्याला विमानानं बाहेर काढतात, त्याचं घर तिथेच असतं.

वाटप संपल्यावर बायका झाडाखाली बसून मिळालेली ज्वारी पुन्हा मापायच्या आणि कार्ड न मिळालेल्या नातलगांना द्यायच्या. पाहणीच्या फॉर्ममध्ये 'खाल्लं', 'विकलं', 'चोरीला गेलं' असे रकाने होते. 'दिलं' नव्हता. मी ते 'इतर'मध्ये भरलं.

आता कामाच्या गोष्टी. पिवळ्या तापाची लस आणि तिचं पिवळं पुस्तक सोबत हवं. डॉलर २००६ नंतर छापलेले आणि न दुमडलेले न्या; जुनी नोट कुणी घेत नाही. नोकरी रिलीफवेब या संकेतस्थळावर शोधा, पहिली संधी बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून किंवा भारतातल्याच पूर-भूकंपाच्या कामातून मिळते. पोषणाच्या टीमसोबत एक दिवस तरी जा. लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल रंग येतो, म्हणजे अतितीव्र कुपोषण; तो एकदा स्वतःच्या हातानं मापून बघा.

आणि दाभण-सुतळी न्या. जुबाच्या बाजारात मिळते, पण गोणी फाटते ती जुबापासून फार लांब.