पॅकेजचा आकडा बघून इंजिनीअरिंगची शाखा घेताय? आधी हे करा

जून उजाडला की भाचे-पुतणे कॉलेजांची पत्रकं घेऊन माझ्याकडे येतात. चाकणला अठरा वर्षं मेकॅनिकलमध्ये घासलीत ना मी! गेल्या वर्षी एका पत्रकावर ठळक छापलं होतं: '४४ लाखांचं पॅकेज'. ते एकाच पोराचं.

सरासरीही फसवते. नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४, की सरासरी थेट ८ लाख. मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा, मात्र ४च. तेव्हा मध्यक विचारा. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी; तिच्या संकेतस्थळावर क्रमवारीत आलेल्या कॉलेजांची कॉलेजनिहाय पीडीएफ असते, त्यात तो मिळतो. किती पास झाले, किती नोकरीला लागले तेही तिथेच. पण आकडा सगळ्या शाखांचा एकत्र. आपल्या शाखेचा हवा तर शेवटच्या वर्षाच्या पोरांना कँटीनमध्ये गाठा, चहा पाजा, खरं बाहेर येतं.

मग वहीत मांडा: चार वर्षांची फी, खोली, मेस, कर्जाचा हप्ता. समोर हातात पडणारा पगार लिहा, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) नको. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटीही धरलेली असते.

भाचीला कोडिंगचा कंटाळा, तरी कॉम्प्युटरच हवं होतं. तिला म्हटलं, सुट्टीत महिनाभर पायथन लिहून बघ. नवव्या दिवशी फोन आला, "मामा, इलेक्ट्रिकलचं सांग."